भिंत नसलेलं दार

महाडच्या आमच्या उद्योगशाळेच्या अंगणात एक दार उभं होतं. नुसतं दार. सागवानी चौकट, फळी, बिजागऱ्या, कडी, सगळं जागच्या जागी; भिंत मात्र कुठेच नाही. डावीकडे मोकळं अंगण, उजवीकडे मोकळं अंगण. तरीही सुतारकामाच्या वर्गाला येणाऱ्या प्रत्येक मुलाने त्या दारापुढे थांबायचं, कडी वाजवायची, आणि "कोण?" असा आवाज आला की मगच आत पाऊल टाकायचं, अशी धोंडूमास्तरांची आज्ञा होती.

आत म्हणजे त्याच अंगणाचा पलीकडचा भाग. तिथे मास्तर एका खोक्यावर बसलेले असत. खोक्यावर बसले की ते मास्तर उरत नसत, मुंबईच्या कारखान्याचे फोरमन होत.

"नाव, गाव, काम!" ते गरजत.

कुडपणचा एखादा मुलगा, नुकताच डोंगर उतरून आलेला, पायाच्या अंगठ्याने माती उकरत पुटपुटे, "जी... मी... आलो हुतो..."

"आलास ते दिसलं! खाली काय बघतोस रे? जमिनीत नोकरी पुरलीय? जा भायेर, परत ये!"

एकेका मुलाची अशी दहा-दहा वेळा ये-जा चाले. एकदा शेजारची बकरी दाराला वळसा घालून थेट मास्तरांच्या खोक्यापाशी आली. एका पोराने तक्रार केली, "मास्तर, ती बघा, बाजूनं आली."

"ती बकरी हाय," मास्तर म्हणाले. "तिला नोकरी नको हाय."

अजूनही बाजारपेठेत कुणी ही गोष्ट हसत सांगू लागला की माझं डोकं फिरतं. हसण्यासारखं काय होतं त्यात? पण ती सगळ्यांत आधी हसत सांगणारा मीच होतो. त्या शाळेचा मी चिटणीस होतो.

धोंडूमास्तर पोलादपूरकडचे सुतार. मुंबईत बारा वर्षं काम करून परतले होते, डाव्या हाताची दोन बोटं तिथेच ठेवून. त्या नसलेल्या बोटांवर ते आठवड्याला एक धडा घेत. "फोरमननं इचारलं, हे यंत्र येतं काय? मी काय म्हटलं? 'बघतो' म्हटलं. हे बघा, बघितलं!" आणि तीन बोटांचा पंजा सगळ्यांच्या नाकापुढून फिरवत. "येत नाय तर 'येत नाय, दाखवा' असं म्हणायचं. लाज कसली त्यात?" वर्गात कुणाच्या तोंडून 'बघतो' निघालंच, तर त्याला दिवसभर करवतीचा भुसा गोळा करावा लागे.

वेळेचंही तेच. झाडाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. तो वाजला की मास्तर त्या दाराची कडी आतून लावून घेत. उशिरा आलेली पोरं दोन्हीकडच्या मोकळ्या अंगणाकडे बघत बंद दारापुढे उभी राहत. आत शिरायची एकाचीही छाती होत नसे.

मी त्यांना एकदा म्हणालो, "मास्तर, सांधे जोडायला शिकवा, रंधा मारायला शिकवा. ही नाटकं कशाला?"

मास्तर केवढे संतापले! "चिटणीससाहेब, आपली रीत तुम्हाला ठावी नाय? सुतार कुणाच्या दारी गेला तर हाक मारतो काय? चपला काढतो नि अंगणाच्या कडेला बसतो. घरधनी कधी बघेल, 'काय रे, का आलास?' म्हणेल, तवा तोंड उघडतो. गावात चालतं ते. आमची पोरं दासगावला लाँचीत बसतात, मुंबईला उतरतात नि कारखान्याच्या फाटकाशी तशीच जाऊन बसतात! आज कोण इचारील, उद्या इचारील. तिथं कुणाच्या बापाला टैम हाय? हातात कसब हाय, नि बूड जमिनीला चिकटलंय! पाठनं आलेला पुढं होऊन बोलतो नि जागा घेऊन जातो."

हा माणूस कुणा पोराची गोष्ट सांगत नाही, स्वतः कुठल्याशा फाटकाशी बसला आहे, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मला फक्त गंमत वाटली.

मग विठूचं प्रकरण झालं. नाते गावचा विठू, मास्तरांचा लाडका विद्यार्थी. शाळेचे अध्यक्ष रावसाहेब यांच्या घरी झोपाळा दुरुस्त करायला त्याला पाठवलं. तो अंगणात बसला नाही. त्याने सरळ दाराची कडी वाजवली, रावसाहेबांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, "विठू सुतार, गाव नाते, झोपाळा दुरुस्त करायला आलोय. दुपारी जेवायची सुट्टी किती?"

झोपाळा त्याने इतका सुरेख बसवला की कुरकुरसुद्धा उरली नाही. पण रावसाहेब त्या दिवसापासून कुरकुरत होते. चार दिवसांनी ते तपासणीला आले आणि दाराला वळसा घालून चालू लागले.

"रावसाहेब," खोक्यावरून मास्तर म्हणाले, "दार तिकडं हाय. पोरं बघतायत. तुम्ही बाजूनं आलात तर उद्या सगळी बाजूनं येतील."

रावसाहेब आले तसे परत गेले. संध्याकाळी समितीची बैठक बसली. रावसाहेब कडाडले, "सुट्टी विचारतो! ह्याच्या बापाने आमच्या अंगणात जन्म काढला, कधी मान वर केली नाही. आपण सुतारकाम शिकवतो आहोत की उद्धटपणा?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ होतं. मास्तरांच्या हाताखालून गेलेली तीन मुलं मुंबईत कामाला लागून टिकली होती. त्यांची पत्रं माझ्या टेबलाच्या खणात होती. 'मास्तरांना सांगा, मी कडी वाजवली,' असं त्यातल्या एकाने लिहिलं होतं. खण उघडायला कितीसा वेळ लागला असता? मी तो उघडला नाही. मास्तरांना कमी करण्याचा ठराव मी वळणदार अक्षरात लिहिला. रावसाहेबांनी अक्षराची तारीफ केली, आणि लाज वाटायची ती मला बरं वाटलं! मास्तरांचं दार रावसाहेबांच्या गोठ्याला बसवण्यात आलं. त्याला अखेर भिंत मिळाली.

आठवड्याने सकाळी मी माझ्या घराच्या माडीची खिडकी उघडली. अंगणाच्या कडेला, फणसाखाली, धोंडूमास्तर बसले होते. मुंबईचा जुना कोट घातलेला, त्याला वरपर्यंत बटणं लावलेली. चपला काढून शेजारी नीट मांडलेल्या.

कशासाठी आले होते ते मला ठाऊक होतं. नाव ठाऊक होतं, गाव ठाऊक होतं, आणि त्यांचं काम मीच काढून घेतलं होतं. माझं दार त्यांच्यापासून दहा पावलांवर होतं. मी खिडकीआड उभा राहून वाट पाहू लागलो. आता उठतील, कडी वाजवतील. निदान हा माणूस तरी वाजवील. मग मला खाली जावंच लागेल, खण उघडावाच लागेल.

मास्तर जमिनीकडे बघत बसून राहिले.

बऱ्याच वेळाने आमची मंडळी चहा घेऊन वर आली. "अहो, मास्तर कधीचे बसलेत बाहेर. एक हाक मारा की."

"बघतो," मी म्हणालो.

ऊन अंगणभर पसरल्यावर मी खाली उतरलो. फणसाखाली कुणी नव्हतं. पायाच्या अंगठ्याने उकरलेली थोडी माती तेवढी होती.