तिसरी हाळी

"भीती म्हणजे काय ते मला विचारा!" जेवायला बसल्या बसल्या विष्णू टिपणीसने जाहीर केलं. त्याची बायको उमा आमटी वाढत होती. तिने डाव हातात तसाच धरून वर तुळईकडे पाहिलं.

"अहो, पाल आहे," ती म्हणाली.

विष्णू पानावरून उठला तो थेट ओटीवर! मधल्या मध्ये एक किंकाळीही झाली. पण ती कुणाची यावर त्या घरात आजपर्यंत एकमत झालेलं नाही. विष्णूचं म्हणणं, ती शेजारच्या घरातून आली.

"मी सिनेमातल्या भीतीबद्दल बोलतोय!" तो ओटीवरूनच ओरडला.

गोष्ट सन चौतीसच्या चैत्रातली आणि कर्जतची. मुंबईची एक बोलपटांची कंपनी आठ दिवसांसाठी कर्जतला उतरली होती. खुनाचा रहस्यपट होता आणि त्याची नुसती सुरुवात पळसदरीच्या अलीकडच्या डोंगरात घ्यायची होती. गावातल्या दुकानांच्या पाट्या रंगवणारा, स्वतःचा कॅमेरा बाळगणारा आणि विचारल्याशिवाय सल्ला देणारा माणूस म्हणून कंपनीने विष्णूला व्यवस्थेला घेतलं. दिग्दर्शक सामंतसाहेब म्हणाले होते, "टिपणीस, सुरुवात मनासारखी झाली तर तुम्हाला कंपनीत कायम घेतो." तेव्हापासून विष्णूचे पाय जमिनीला लागत नव्हते.

इकडे विष्णूचे वडील, अप्पा वकील, यांनी खोपोलीच्या वीजघरात त्याच्यासाठी कारकुनाची जागा बघून ठेवली होती. सोमवारी सकाळी हजर व्हायचं. चित्रीकरणाचा शेवटचा दिवस शनिवार.

"शनिवारी तुझा सिनेमा जमला तर जा मुंबईला, मी अडवणार नाही," अप्पा म्हणाले. "नाही जमला तर सोमवारी मुकाट्याने खोपोलीची गाडी. कबूल?"

"कबूल! अप्पा, तुम्हाला कल्पना नाही. साहेब म्हणतात, खुनी दाखवायचाच नाही! आधी त्याचा आवाज. मग धुक्यात नुसती पावलं. मग हत्यारावर एका बाजूने उजेड. चेहरा नाहीच! प्रेक्षक आपोआप गारठतो!"

"आमच्या कोर्टात खुनी अख्खा दिसतो," अप्पा म्हणाले, "आणि गारठत कुणीच नाही."

शनिवार उजाडला. डोंगरावर भर दुपारी बारा वाजता मध्यरात्र करायची होती. होय, बारा वाजता! कॅमेऱ्याच्या भिंगावर लाल काच चढवली की निळं आभाळ काळंकुट्ट उमटतं, ही त्यातली किमया. धुकं म्हणून ओल्या पाल्याचा धूर. उजेड फेकायला पत्र्याच्या मोठाल्या फळ्या, त्या धरायला पोशा ठाकूर आणि त्याची सगळी वाडी. खाली रस्त्यावर आवाजाची बंद मोटार, तिच्यात कानाला यंत्र लावून बसलेला ध्वनिमुद्रक. तिथून वर आलेल्या तारेच्या टोकाला मायक्रोफोन, आणि तो टांगलेला बांबू उचलून उभा विष्णू! हात भरून आले होते, पण चेहऱ्यावर सेनापतीचा रुबाब.

"टिपणीस, आवाज कुठूनही नको," साहेब म्हणाले. "फिल्म मोजकी उरलीय. तीनदा घेता येईल, चौथ्यांदा नाही."

"साहेब, पोशाच्या वाडीला कालच ताकीद दिलीय. डोंगरात चिमणीसुद्धा तोंड उघडणार नाही!"

एक नट प्रेत होऊन वाटेत आडवा झाला. "काहीही झालं तरी मी 'कट' म्हणेपर्यंत हलायचं नाही," साहेबांनी त्याला बजावलं. तो गुणी माणूस, त्याने डोळे मिटले. नायिका शैलाबाईंनी प्रेत बघून किंकाळी फोडायची होती. कॅमेरा बॅटरीवर सुरू झाला. शैलाबाईंनी फोडली! चांगली, लांबलचक, घराण्याची किंकाळी.

आणि पलीकडच्या डोंगरातून उत्तर आलं, "कूऽऽऽ!"

"कट! कोण वेडावतंय?" साहेब कडाडले.

"कोकिळा असेल साहेब, चैत्र आहे," विष्णू घाईघाईने म्हणाला.

पुन्हा धूर, पुन्हा पत्रे, पुन्हा शैलाबाई. या खेपेला उत्तर दोन ठिकाणांहून आलं, आणि जरा जवळून! साहेबांनी टोपी आपटली. तेवढ्यात पोशा पत्रा घेऊनच विष्णूजवळ आला आणि हळूच म्हणाला, "दादा, ह्ये बराबर नाय झालं."

"काय झालं रे?"

"बाई दोनदा वरडली. डोंगरात हाळीला हाळी द्यावीच लागती. पयली आली तं आमी निस्ती वळख देतो, ऐकलं म्हनून. दुसरी आली तं हातातलं काम टाकतो."

"आणि तिसरी?"

"तिसरी आली का निंगालो! मानूस गेला आसं धरून डोली घेऊनच निंगतो."

"अरे, पण वाडीला सांग म्हणालो होतो ना मी?"

"तुमी म्हनलात, तुझ्या वाडीला सांग. माजी वाडी ही काय, पत्रं धरून उभी हाय. पल्याड धाऊबाबाची वाडी. त्यांना कोन सांगनार?"

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? साहेबांना सांगितलं असतं! विष्णूही सांगायला दोन पावलं पुढे गेला. पण आत्ताच छातीवर हात ठेवून चिमणीची हमी दिलेली! आता तिसऱ्या किंकाळीला पल्याडची अख्खी वाडी डोली घेऊन येईल, असं सांगायचं कुठल्या तोंडाने? समोर सोमवारची खोपोलीची गाडी उभी राहिली. तो तिथल्या तिथे घुटमळला, बांबू या हातातून त्या हातात घेतला, आणि मग त्याच्या डोक्यात एक भन्नाट विचार आला. तिसरी किंकाळी झालीच नाही तर?

पाच मिनिटांत तो मीठ लावलेल्या हिरव्या करवंदांचा द्रोण घेऊन शैलाबाईंपुढे हजर!

"घ्या बाई, कर्जतचा मेवा. घशाला उत्तम."

बाईंनी मिटक्या मारत सगळा द्रोण संपवला. "शैलाबाई, तयार?" साहेबांनी विचारलं. बाईंनी तोंड उघडलं, तर आतून गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज! घसा पार बसलेला. विष्णूला इतका आनंद झाला की तो लपवायला त्याने तोंड धुराकडे फिरवलं.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "असू द्या. किंकाळी मुंबईला बघू. आत्ता नुसती दृश्यं घ्या. धूर वाढवा! आवाजाची मोटारही चालू राहू दे, पाचोळ्याचा आवाज मिळेल."

सुटलो! विष्णूने मोठा श्वास घेतला आणि बांबू उचलला. धूर असा दाटला की हाताला हात दिसेना. कॅमेरा घुर्रर्र करत होता. प्रेत निपचित. आणि मग मागे पाचोळा वाजला. करकर... करकर... कोण असेल? पोशा तर समोर होता. पावलं थांबली. आणि त्याच्या खांद्यावर एक थंडगार, खरखरीत हात पडला!

विष्णूने वळून पाहिलं. धुरात चेहरा नाही, नुसती लखलखती कुऱ्हाड!

मंडळी, त्यानंतर जी किंकाळी निघाली तिचं वर्णन करायला हा कागद पुरायचा नाही. ती पळसदरीला आदळून परत आली. विष्णूने मायक्रोफोनसकट बांबू टाकला आणि करवंदीच्या जाळीत उडी घेतली.

"आरं बाबा, वरडतोस कशापायी?" कुऱ्हाडवाला कळवळून विचारत होता. तो बिचारा धाऊबाबा! दुसरी हाळी झाली, वर धूर दिसला, डोंगराला वणवा लागला असं समजून म्हातारा आग झोडपायला डहाळ्या तोडत एकटाच पुढे आला होता. "कोन पडलं रं?"

पण आता तिसरी हाळी झाली होती, आणि तीही खुद्द व्यवस्थापकाने दिलेली! पोशाच्या हातून पत्रा गळून पडला आणि सवयीने त्याने गर्जना केली, "होऽऽऽ!" सगळ्या कड्यांवरून "होऽऽऽ" उठलं, आणि धुरातून पावलं दिसू लागली. नुसती पावलं! पन्नास-साठ! कोयते, काठ्या, कुऱ्हाडी, आणि त्यांच्यावर कलंडलेल्या पत्र्यांचा एका बाजूने उजेड!

सामंतसाहेब सगळ्यांत आधी पळाले. त्यांच्या मागे कॅमेरावाला. शैलाबाईंनी मोटार गाठून आतून कडी लावली. कॅमेरा मात्र बॅटरीवर आपला घुर्रर्र चालूच. धाऊबाबाची माणसं प्रेत पाहून हळहळली, "कवळा हाय गं बाई," म्हणून त्यांच्यातल्या चिंधी नावाच्या बाईने डोळ्यांना पदर लावला, आणि त्यांनी प्रेत उचलून डोलीत घातलं. प्रेत हललं नाही. साहेबांनी 'कट' म्हटलंच नव्हतं ना! डोंगर उतरताना हललं नाही, गावातून नेताना हललं नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी पापणी वर केली तेव्हा त्याने हळूच विचारलं, "कट झालं का हो?" डॉक्टर दोन दिवस रजेवर होते म्हणतात.

संध्याकाळी जाळीतून काटे काढत बाहेर आलेल्या विष्णूला साहेब एवढंच म्हणाले, "टिपणीस, फिल्म संपली. तुमच्या डोंगरातल्या चिमण्या फार मोठ्याने बोलल्या."

सोमवारी सकाळी विष्णू खोपोलीच्या गाडीत बसला. अप्पा एक शब्दही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं, इतकं त्याला वाईट वाटलं. दोन आठवडे तो वीजघरात खाली मान घालून बसला, आणि टपालवाल्याच्या घंटेला दचकत राहिला.

पंधराव्या दिवशी पत्र आलं! कंपनीचं! अप्पांनी ते चष्मा लावून मोठ्याने वाचलं.

"रा. रा. टिपणीस यांस सा. न. वि. वि. फिल्म धुऊन पाहता सुरुवात अपूर्व साधली आहे. आधी आवाज, मग धुक्यातली पावले, मग हत्यारावरील उजेड, सर्व योजल्याहूनही सरस..."

"बघा!" विष्णू टुणकन उभा राहिला. "अप्पा, मी काय म्हणत होतो!"

"थांब. 'आणि ती किंकाळी! अशी किंकाळी आजवर कोणत्याही बोलपटात ऐकलेली नाही, असे मालकांचे मत पडले. शैलाबाईंचा घसा बसला होता, धूर दाट होता, व आम्ही सर्व त्या वेळी जरा दूर होतो; त्यामुळे ती कोणा बाईंची हे येथे कोणासही ठाऊक नाही. मालक त्या बाईंना कंपनीत कायम नेमण्यास तयार आहेत. तरी शोध करून त्यांना ताबडतोब पाठवावे. आपल्यासाठी मात्र तूर्त जागा नाही.'"

उमाने एकवार तुळईकडे पाहिलं, एकवार नवऱ्याकडे पाहिलं, आणि तिने पदर तोंडात कोंबला.

"शेजारच्या घरात कोणी बाई आहेत का रे तशा?" अप्पांनी गंभीरपणे विचारलं.

"माझं हिरवं लुगडं धुऊन ठेवलंय," उमा कशीबशी म्हणाली. "नेसवून देऊ का?"

विष्णूने दौत ओढली, टाक बुडवला आणि आपल्या वळणदार अक्षरात उत्तर लिहिलं:

'आपले पत्र पावले. शोध करता असे समजते की, सदर बाई खोपोलीच्या वीजघरात कारकून म्हणून लागल्या असून घरच्यांची परवानगी नसल्यामुळे येऊ शकत नाहीत. क्षमा असावी.'