साडेचारशेतले तेवीस

फोटोत खंड्या पक्षी आहे हे बायकोला पटवून देता देता साहेबांच्या नाकी नऊ आले होते.

"हा निळा ठिपका दिसतोय ना, तोच."

"हा होय? मला वाटलं स्क्रीनला काहीतरी लागलंय." बायकोने ओल्या बोटाने खंड्या पुसून बघितला. तो पुसला जाईना, तेव्हा कुठे तिने काहीतरी असल्याचं मान्य केलं.

साहेब म्हणजे वजनमापे खात्यातले निरीक्षक, नुकतेच निवृत्त झालेले. चौतीस वर्षं त्यांनी लोकांचे तराजू, लिटरची मापं आणि मीटरच्या पट्ट्या तपासल्या. एवढी वर्षं हेच केल्यावर माणसाच्या अंगात संशय मुरतो, तसा तो त्यांच्याही अंगात मुरला होता. घरात कोणाला ताप आला तर ते आधी एक थर्मामीटर दुसऱ्याशी ताडून बघत, तोवर बऱ्याचदा ताप उतरलेला असे. लग्नाआधी पहिल्याच भेटीत त्यांनी तिची उंची दाराच्या चौकटीवरून मनातल्या मनात मोजली होती, हे बायको अजून चारचौघांत सांगते. साहेब नाकारत नाहीत. उंची बरोबर निघाली होती, एवढंच म्हणतात.

निरोपाला कचेरीतल्यांनी कॅमेरा दिला आणि साहेब रोज सकाळी तळ्यावर जायला लागले. तिथे एक खंड्या होता. त्याची ती निळी पाठ बघितली आणि या माणसाला खूळ लागलं, दुसरा शब्द नाही. पक्षिमित्र मंडळाचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं, फोटो महिनाअखेरपर्यंत द्यायचे होते. साहेबांना त्यात आपला खंड्या लावायचाच होता. मंडळाच्या चिटणिसांनी निळा ठिपका बघून सांगितलं, "पक्षी आहे हे शपथेवर सांगावं लागू नये, एवढी अपेक्षा आहे. मोठी लेन्स घ्या."

म्हणून साहेब लेन्सच्या दुकानात गेले. दुकान एक बाई चालवत असत. तिशीतल्या, शांत, गिऱ्हाईक कितीही मूर्खासारखं बोललं तरी न हसणाऱ्या. त्यांनी एक वापरलेली पण चांगल्यातली लेन्स काढून ठेवली.

"काका, पक्ष्यांसाठी ही घ्या. तीनशे मिलिमीटरची आहे, आकडा जेवढा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं. आणि तुमचा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे त्यावर ही साडेचारशेसारखी चालेल."

साहेबांचे कान टवकारले. "लेन्सवर काय लिहिलंय?"

"तीनशे."

"मग वरचे दीडशे कुठून आले?"

"तुमचा सेन्सर लहान आहे ना. कडेचं चित्र तो घेतच नाही, मधलं तेवढं घेतो. म्हणून पक्षी मोठा दिसतो."

"म्हणजे कडेचं कापून टाकतो."

"हो."

"आणि कापलेल्याला तुम्ही जास्त म्हणता."

बाईंनी दुसरी लेन्स दाखवली. "अंधुक उजेडात फोटो काढायचे तर ही बघा. हिचा उजेडाचा आकडा लहान आहे, म्हणजे तोंड मोठं. मघाचीचा आकडा मोठा, म्हणजे तोंड लहान."

साहेबांनी मनात टिपून घेतलं. लहान म्हणजे मोठं, मोठं म्हणजे लहान आणि कापलेलं म्हणजे जास्त. एवढ्यावर त्यांनी कित्येक दुकानांना टाळं ठोकलं असतं. शिवाय चौतीस वर्षांत त्यांनी मापापेक्षा कमी देणारे ढिगाने पाहिले होते, पण लिहिलंय त्याहून दीडपट देणारा एकही भेटला नव्हता. असा माणूस तर नक्कीच काहीतरी लपवत असणार.

"तीनशेची अशी एकच आहे," बाई म्हणाल्या. "नवीन यायला दीड महिना लागेल. मागणारे आहेत, पण शनिवारपर्यंत तुमच्यासाठी ठेवते. तोवर घरी नेऊन वापरून बघा."

वापरून बघा म्हटलं की माणसं फोटो काढतात. साहेबांनी तपासणी काढली. ज्या वस्तूची रुंदी माहीत आहे आणि जी किती लांब आहे हेही माहीत आहे, तिचा फोटो काढायचा. ती फोटोत किती मोठी आली यावरून लेन्स खरोखर केवढ्याची आहे याचा हिशेब मांडता येतो. साहेब तिसऱ्या मजल्यावर राहत. समोरच्या इमारतीत तिसऱ्याच मजल्यावर एक छान चौकोनी खिडकी होती. गुरुवारी सकाळी त्यांनी बाल्कनीत तिवई मांडली आणि ती लांबलचक लेन्स तिच्यावर रोखली.

"तिथे कोण राहतं माहितीये ना?" बायकोने विचारलं.

"कापडवाला."

"आणि त्याची बायको."

"तिच्याशी माझं काम नाही. मला खिडकी हवीय."

"हे बाहेर कोणी विचारलं तर असंच सांगू नका म्हणजे झालं."

साहेबांचं लक्ष खिडकीखेरीज कशातच नव्हतं. दिवसभरात त्यांनी अकरा फोटो घेतले आणि वहीत लिहून ठेवलं: सात-दहा, पडदा बंद. नऊ-पाच, पडदा उघडा. साडेनऊ, पडदा घाईने बंद. मग खाली उतरून ते लांब टेपने दोन इमारतींमधलं अंतर मोजू लागले. टेपचं दुसरं टोक त्यांनी समोरच्या इमारतीच्या वॉचमनला धरायला दिलं. वॉचमनने टोक धरलं आणि साहेबांची पाठ वळताच वर जाऊन कापडवाल्याला सगळं सांगितलं.

कापडवाल्याने पडदा ओढून घेतला, आणि तो उगाच ओढला नव्हता. त्याच्या दुकानात कापड मोजायच्या दोन लोखंडी पट्ट्या होत्या. एक खरी, खात्याचा शिक्का मारलेली. ती साहेब आले की बाहेर यायची. दुसरी पाच सेंटीमीटर आखूड, ती एरवी चालायची. आता निरीक्षक निवृत्त झालाय म्हणतात, पण निवृत्त माणूस घरावर दुर्बीण लावून बसतो का? नक्की ही खात्याची गुप्त मोहीम. दुकानावर धाड पडायच्या आत आखूड पट्टी हलवायला हवी, असं ठरवून त्याने ती धोतरात... छे, धोतर कुठलं, पायजम्याच्या कापडाच्या ठाणात गुंडाळून घरी आणली आणि कपाटामागे दडवली.

ती दडवून तो घाम पुसतोय तोच दारावरची बेल वाजली. दारात साहेब.

"तुमच्या खिडकीची रुंदी मोजायची होती," साहेब म्हणाले. "आत येऊ का?"

कपाट खिडकीच्या शेजारीच होतं. "तुम्ही कशाला त्रास घेता, साहेब," कापडवाला दार अडवून म्हणाला. "मी मोजून सांगतो. चोख."

"मी मोजलं असतं तर बरं झालं असतं."

"माझ्यावर विश्वास नाही का?"

खरं उत्तर देणं साहेबांना अवघड नव्हतं, पण शेजारधर्म म्हणून त्यांनी वही उघडून पेन सरसावलं. कापडवाल्याने दार लोटलं. घरात टेप शोधायला गेला तर साहेबांना संशय येईल, हा काय उशीर लावतोय म्हणून. खरी पट्टी दुकानात राहिलेली. त्या गडबडीत त्याने कपाटामागे हात घातला, हाताला लागली ती पट्टी ओढली, खिडकी मोजली आणि पट्टी परत मागे सारली.

"बरोब्बर एकशेवीस सेंटीमीटर," तो दारातून म्हणाला. "का विचारताय, कळेल का?"

"तपासणी चालू आहे," साहेब म्हणाले आणि जिना उतरले. त्यानंतर कापडवाला जेवला नाही.

शुक्रवारभर साहेबांनी हिशेब मांडला. तीनदा मांडला. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं. साडेचारशे म्हणून दिलेली लेन्स भरत होती चारशे सत्तावीस. साडेचारशेतले तेवीस गायब. साहेबांना एकाच वेळी वाईटही वाटलं आणि बरंही. वाईट अशासाठी, की लेन्स त्यांना मनापासून आवडली होती आणि बुधवारी संध्याकाळी तळ्यावर तिच्यातून खंड्याचा डोळासुद्धा दिसला होता, बटण दाबेपर्यंत तो उडाला ही गोष्ट वेगळी. बरं अशासाठी, की आपण अजून कामातून गेलेलो नाही.

शनिवारी सकाळी ते नोकरीची आठवण म्हणून जपलेली पितळी मीटरपट्टी काखेत मारून आणि टेप, कॅमेरा पिशवीत घालून दुकानात गेले. तिथे काउंटरपाशी कापडवाला आधीच उभा होता. त्याला पाहून साहेब चमकले, साहेबांना पाहून तो भिंतीकडे सरकला. दोन रात्रींत त्याने एकच गोष्ट ठरवली होती: साहेब आपल्यावर नजर ठेवताहेत, तर आपणही साहेबांवर ठेवायची. त्यासाठी तो सगळ्यात लांबचं दाखवणारं यंत्र मागत होता आणि बाई त्याला सांगत होत्या की तसली एकच लेन्स आहे, पण ती एका काकांकडे आहे.

"ती परत घ्या," साहेबांनी लेन्स काउंटरवर ठेवली. "माप कमी आहे. तेवीसने. हा हिशेब."

बाईंनी वही वाचली. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच बदलला. "काका, हे दुकान माझ्या वडलांपासून चालू आहे. आजवर असं कोणी म्हटलं नाही."

"तपासलं नसेल कोणी."

"मग तुमची सुटका करते," असं म्हणून बाईंनी रजिस्टर पुढे केलं. साहेबांनी परत केल्याची सही केली, आणि बाईंनी तिथेच खाली कापडवाल्याचं नाव लिहिलं. मग बाई म्हणाल्या, "आता ती पट्टी द्या इकडे. माझ्या समाधानासाठी."

दुकानाच्या मागे लांब बोळ होता. कापडवालाही मागोमाग तिथे आला. बाईंनी साहेबांच्याच पितळी पट्टीने भिंतीवर दोन खुणा केल्या, साहेबांच्याच टेपने अंतर मोजलं, साहेबांच्याच कॅमेऱ्याने फोटो काढला आणि साहेबांनाच हिशेब करायला बसवलं. उत्तर आलं साडेचारशे. साहेबांनी पुन्हा केला. साडेचारशे.

साहेबांनी तेवीसचा हिशेब वहीत खोडला. पण माणूस शरमला तरी डोकं जुन्याच वळणाने चालतं. लेन्स बरोबर. अंतर आपण स्वतः मोजलेलं. खिडकी काही रातोरात आकसत नाही. उरलं काय? ते सावकाश कापडवाल्याकडे वळले.

"खिडकी कशाने मोजलीत?"

कापडवाल्याच्या तोंडून निघून गेलं, "पट्टीने."

"मीटरमागे पाच सेंटीमीटर आखूड आहे ती," साहेब म्हणाले. "खिडकी खरी एकशेचौदाच, म्हणून लेन्स कमी भरली."

मग कापडवाल्याने साहेबांना कोपऱ्यात घेतलं. लेन्स आता साहेबांची राहिलेली नव्हती, आणि बाईंनी मघाशीच ती कापडवाल्याच्या नावाने लिहिली होती. हे त्याच्याही ध्यानात आलं होतं.

"साहेब, तुम्हाला लेन्स हवीय ना? घेऊन जा. मी बाईंना सांगतो. माझ्या घरी खिडकी नाही, पट्टी नाही, काही नाही. मी काही बोललो नाही, तुम्ही काही ऐकलं नाही."

साहेबांनी लेन्सकडे बघितलं. महिनाअखेरीला नऊ दिवस होते आणि नवीन लेन्स यायला दीड महिना. खंड्याचा डोळा त्यांना आत्ताही दिसत होता, आणि चौतीस वर्षांत एवढा मोह त्यांना कधी पडला नव्हता. लाच म्हणून आलेल्या गोण्या, पेट्या, पाकिटं त्यांनी बिनदिक्कत परत केली होती; आता त्यांनी लेन्सला झाकण लावलं.

"सोमवारी खात्याचा माणूस येईल," ते म्हणाले. "पट्टी त्याच्या हवाली करा." आणि बाईंकडे न बघता ते दुकानातून बाहेर पडले. रस्त्यापर्यंत जाऊन परत आले, म्हणाले, "बाई, मी चुकलो," आणि मग खरोखर गेले.

पट्टी जप्त झाली. कापडवाल्याला दंड झाला, पण लेन्स त्याने घेतलीच, आणि तिला लागणारा कॅमेराही. उलट आता त्याची खात्रीच पटली की हा माणूस इथे थांबणार नाही. समोरच्या खिडकीत रोज लेन्स रोखलेली दिसू लागली. साहेब मात्र जुनी लहान लेन्स घेऊन रोज आठला तळ्यावर जात होते आणि रोज निळे ठिपके घेऊन परत येत होते.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी बेल वाजली. कापडवाला आत आला तो हातात एक मोठा फोटो घेऊन.

"स्पष्टच विचारतो, साहेब. रोज आठला तुम्ही निघता. नऊला हा येतो, तुमच्या बाल्कनीच्या कठड्यावर बसतो आणि तासभर माझ्या घराकडे बघत राहतो. तुम्ही आलात की उडतो. ही काय भानगड आहे?"

फोटोत खंड्या होता. कठड्यावर ऐटीत बसलेला, निळी पाठ उन्हात चमकतेय, चोचीत लहानसा मासा, डोळ्यात उजेडाचा कण. एकही पीस सुटलं नव्हतं.

"अगं," साहेबांनी आत हाक मारली, "हा आपल्याकडे येतो?"

"रोज," बायको आतून म्हणाली. "कमळाच्या कुंडीतले मासे खातो मेला. तुम्हाला काय सांगायचं, तुमचा तो तळ्यावरचा, म्हणून मला वाटलं हा दुसरा असेल."

साहेब खुर्चीत बसले. फोटो त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. प्रदर्शनाची मुदत संध्याकाळपर्यंत होती आणि चिटणिसांना शपथेवर काही सांगायची गरज पडणार नव्हती.

"हा प्रदर्शनात द्या," ते म्हणाले. "तुमच्या नावाने. पहिला येईल."

"माझ्या नावाने? का? मला त्यात अडकवायचंय का?"

"काही नाही. फोटो चांगला आहे." आयुष्यात साहेबांनी कुठल्याही दुकानदाराकडे काही मागितलं नव्हतं, त्यामुळे शब्द जुळवायला वेळ लागला. "आणि जमलं तर मला एक प्रत द्याल का?"

कापडवाल्याने फोटो हळूच त्यांच्या हातातून काढून घेतला.

"कशासाठी? पुरावा म्हणून?"

"भिंतीवर लावीन. बघायला."

कापडवाल्याचा अर्थातच विश्वास बसला नाही.