तिसऱ्या बाजूला खुर्ची नाही

माझा नातू धनेश नौदलात आहे. त्याच्या बोटीचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं आणि बोट वाहत वाहत अशा पाण्यात गेली, जे दोन देश आपापलं म्हणतात. पलीकडच्या देशाने बोटीसकट पोरांना नेऊन ठेवलं.

नौदलाचे एक साहेब घरी येऊन गेले. बूट बाहेर काढले, चहा प्यायले, माणूस चांगला. म्हणाले, बोलणी चालू आहेत, फक्त ते पाणी कुणाचं यावर कुणी तोंड उघडू नका. धनेश ‘आपलं’ म्हणाला तर ते सोडायचे नाहीत, ‘त्यांचं’ म्हणाला तर इकडे नोकरी जाईल. पोरगा सुटेल तो गप्प बसून.

मग आमचं गाव गप्प बसलं. संध्याकाळपर्यंत.

माझ्या दिराचा मुलगा कमळाकर. जमिनी गेल्यावर आमच्या पनवेलकडचे बरेच जण झाले तसा तोही बिल्डर झाला. त्याने देशहितार्थ जाहीर चर्चा ठेवली. ‘एक इंचही हद्द सोडणार नाही’ असा बॅनर लागला. तो लागला कमळाकरच्या कंपाउंडच्या भिंतीवर. ही भिंत माझ्या अंगणात हातभर आत आलेली आहे. तिच्यावर अद्याप जाहीर चर्चा झालेली नाही.

गावाला मांडव ठाऊक तो हळदीचा, म्हणून चर्चेलाही तोच घातला. तीच झालर, तेच स्पीकर, आणि हळदीत आल्यागेल्याचं नाव पुकारणारा अवधूतही तोच. डावीकडच्या खुर्च्या ‘पाणी आपलं’वाल्यांना, उजवीकडच्या ‘पाणी त्यांचं’वाल्यांना. जेवण दोन्हीकडे सारखंच होतं, त्यात भेदभाव केला नाही.

दारातल्या कार्यकर्त्याने धनेशच्या आईला, माझ्या सुनेला, बाजू विचारली. शशिकला म्हणाली, “माझा पोरगा घरी यावा.”

कार्यकर्त्याने आत जाऊन चौकशी केली आणि परत येऊन नम्रपणे सांगितलं, “वहिनी, तिसऱ्या बाजूला खुर्च्या सांगितल्याच नाय.”

ती उभी राहिली. तिच्याबरोबर मीही.

चर्चा उच्च दर्जाची झाली. ज्यांनी उरणच्या पुढचा समुद्र पाहिला नव्हता, त्यांनी हाताने हवेत रेघ काढून दाखवली. मधेच कुणी मान्यवर आला की अवधूत त्याचं नाव पुकारायचा आणि देशाची हद्द तेवढा वेळ थांबायची.

अशात शशिकलाचा मोबाइल वाजला. साहेबांनी खटपट करून धनेशला एक फोन मिळवून दिला होता. धनेशचा फोन आहे कळताच अवधूतने सवयीने मोबाइल तिच्या हातातून घेऊन माइकला लावला आणि पुकारलं, “आपले मान्यवर धनेशशेठ यांचं परदेशातून आगमन झालेलं आहे. स्वागत असो.”

स्पीकरमधून आवाज आला, “आये.”

शशिकलाने तोंड उघडलं. कमळाकरने माइक आपल्याकडे ओढला.

“धनेश, एवढंच सांग. बोट कुणाच्या पाण्यात होती?”

फोनमध्ये त्याच्यामागे कुणीतरी खुर्ची सरकवली. धनेश काही बोलला नाही. त्याचा श्वास तेवढा सगळ्या गावाला ऐकू आला. डाव्या बाजूने टाळ्या वाजवल्या, मग उजवीने वाजवल्या. “आये, तू...” एवढं झालं आणि फोन कटला.

मग ठराव झाला, की सदर नौसैनिकाने संदिग्ध मौन पाळलं, त्याचा खुलासा व्हावा. दोन्ही बाजूंचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट. शशिकलाला मोबाइल परत मिळाला, पुसून.

मांडवातला व्हिडिओ समुद्रापलीकडे पोचला. तिकडच्यांना तोवर बरोबरच्या पोरांसारखं धनेशलाही सोडून द्यायचं होतं. व्हिडिओ बघून त्यांनाही वाटलं, ज्याच्या गावालाच शंका आहे त्याला खुलाशाशिवाय कसा सोडायचा. बाकीची पोरं घरी आली. धनेशला ठेवून घेतलं. साहेब पुन्हा येऊन गेले. या वेळी चहा घेतला नाही.

शेवटी तोही सुटला. त्याच भिंतीवर ‘आमच्या पाठपुराव्याला यश’ असा नवा बॅनर लागला. धनेश वाळून आला होता. दाराशी मांडव होता, खुर्च्या होत्या, अवधूत होता. गळ्यात हार घालून कमळाकरने त्याला उंबऱ्याच्या अलीकडेच थांबवलं.

“आता तर तू घरी आलास. सांग, पाणी कुणाचं?”

“काका, मला आत जाऊ द्या.”

“सांग नि जा.”

मी अवधूतच्या हातातून माइक घेतला. “कमळाकर, तुझी भित कुणाच्या अंगणात हाय ते तू आधी सांग. मग तो पाण्याचं सांगंल.”

कमळाकरने संदिग्ध मौन पाळलं. तेवढ्यात शशिकलाने पोराला आत ओढलं आणि फोनवर जे विचारायचं राहिलं होतं ते विचारलं, “जेवलास का रे?” तो तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला.

रात्री जेवताना त्याने सगळं सांगितलं. बोट नेमकी कुठे होती, तेही. तुम्ही इथवर वाचत आलात ते तेवढ्यासाठीच ना? तो तिकडे जेवत होता का, हे तुमच्याही मनात आलं नसेल.

या, बसा. कुठल्या बाजूची खुर्ची देऊ?