सावलीत ये, खराब होशील

माझा मेहुणा हरी माणसाला मासळी समजतो. चेष्टेनं सांगत नाही. उन्हात कोणी उभा दिसला की हा लांबूनच हाक मारतो, "सावलीत ये, खराब होशील." ऊन लागेल, चक्कर येईल, असं चारचौघांसारखं बोलत नाही. खराबच होशील म्हणतो. मग जवळ जाऊन त्या माणसाच्या डोळ्याखालची कातडी ओढून बघतो. मासळी पहिली डोळ्यात बिघडते, तसा माणूसही, असं त्याचं म्हणणं. समोर सरपंच असो नाहीतर बँकेचा साहेब, डोळा बघितल्याशिवाय सोडत नाही. एकदा एका लग्नात नवरदेव मांडवाबाहेर उन्हात उभा होता. हरीनं त्याचा डोळा बघितला आणि मुंडावळ्यांसकट त्याला ओढत नेऊन पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसवला. मुहूर्त टळला. मुलीचा बाप अंगावर आला तेव्हा हरी शांतपणे म्हणाला, मुहूर्त दुसरा निघतो, नवरा दुसरा निघत नाही.

त्याचं असं व्हायला कारण आहे. सातपाटीला बर्फाच्या कारखान्यात त्याचा जन्म गेला. मी बोटीवर, तो बर्फात. माझी कातडी जळून काळी झाली, त्याची बोटं पांढरी पडली ती पडलीच. कारखान्यातून बाहेर आला की त्याला ऊन चावायचं. शिमगा झाला की डोक्यावर ओला पंचा, खिशात कांदा आणि काखेत छत्री. छत्री तो पावसात वापरत नाही. पाण्यानं कोण खराब होतं, म्हणतो.

मी चौथी शिकलो. हरी तेवढाही नाही. पण सूर्य आत्ता कुठं आहे आणि मागाहून कुठं जाईल, हे त्याच्या डोक्यात कायम चालू असतं. कोणाच्या घरी गेला तर आधी भिंतीकडे बघतो, मग बसतो. थोड्या वेळानं उठून दुसरीकडे बसतो. बसलेल्यांनाही उठवतो. आमच्या बायका बोंबील उलटतात तसा तो माणसं उलटतो.

लग्न त्यानं केलं नाही. त्याला घर एकच, ते बायचं. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाय म्हणतात. बाय म्हणजे माझी बायको. रोज दुपारी हा गोणपाटात बर्फाचा तुकडा गुंडाळून यायचा. ती तो फोडून कोकमाच्या पाण्यात टाकायची. मग हा जेवायचा आणि आमटीला खोड काढायचा. ती म्हणायची, उद्यापासून येऊ नको. हा म्हणायचा, नाय येत. दुसऱ्या दिवशी आला नाही तर तिचा जीव दारात.

गेल्या वर्षी मे महिन्यात बाय गेली. ताप नाही, दुखणं नाही. भांडी घासता घासता बसली ती तशीच राहिली. मुलगी बेबी सुरतेला असते, ती येईपर्यंत ठेवायचं होतं. हरीनं बर्फाच्या लाद्या आणल्या. त्यानंच फोडल्या, कोणाला हात लावू दिला नाही. जन्मभर मासळीवर फावड्यानं बर्फ ओढणारा माणूस, पण त्या दिवशी एकेक तुकडा हातानं लावत होता. अंगणात माणसं जमली होती. सगळी उन्हात उभी होती. हरी कोणाला काही बोलला नाही.

आता एक रिवाज सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्यात बायको गेली की तेराव्याला तिच्या माहेरचा माणूस नवऱ्याला नवे कपडे आणतो. लेंगा, सदरा आणि पांढरी टोपी. त्याला दुखवटा म्हणतात. तो अंगावर चढला की सुतक उतरलं. तोवर त्या माणसानं नवं कापड घालायचं नाही, लग्नाकार्यात पुढं व्हायचं नाही. आणि हा माहेरचा शेवटचा मान. तो झाला की त्या घरातून या घरात यायचं काही राहत नाही.

हरीनं दुखवटा आणलाच नाही. तेराव्याला म्हणाला, ह्या उन्हात कापडाला कस राहत नाही. पाऊस लागला तेव्हा म्हणाला, नवं कापड दमट हवेत घेतलं तर त्याला वास मारतो. दिवाळीला म्हणाला, आता थंडी पडेल, सुती घेऊन काय करायचं. मी कधी विचारलं नाही. मला नवे कपडे घालून जायचं होतं कुठं? जुन्या लेंग्यावर माझं चाललं होतं. रडणं मला येत नाही.

हरीचं येणं मात्र चुकलं नाही. रोज दुपारी बर्फ घेऊन यायचा. मी भात टाकायचो. कधी गिचका, कधी करपलेला. जो आमटीला खोड काढायचा तो माझा करपलेला भात मुकाट खायचा. दोघं जेवायचो. चालायचं.

मार्च महिन्यात शेजारची यमुना आमटीची वाटी घेऊन आली. बाई जिभेनं तिखट आहे, मनानं वाईट नाही. हरीला म्हणाली, "काय हो हरीदादा, दुखवटा आणला की इथलं जेवण बंद होईल, म्हणून आणत नाय काय?" आणि स्वतःच हसली. हरी अर्ध्या ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी आला, पण उंबऱ्याच्या आत आला नाही. ओट्यावर बसला. मी आत बोलावलं तर म्हणाला, इथं वारा बरा आहे. वारा कसला, भट्टी होती. दोन महिने तो ओट्यावर जेवला, परक्या गड्यासारखा. मला ते सोसत नव्हतं. पण यावर बोलायचं काय आणि कसं, ते मला येईना. असली बोलणी आमच्या घरात बाय करायची.

मे महिन्यात बेबी मुलांना घेऊन आली. आल्या आल्या म्हणाली, बाबा, बसून बसून तुमचं लाकूड झालंय, उद्या आपण पार्कला जाऊ. मनोरच्या पुढं हायवेला पाण्याचं पार्क आहे. घसरगुंड्या, खोटे डोंगर, खोटा दर्या. बायनं असली जागा बघितली नव्हती. पैसे देऊन भिजायचं, हे तिच्या डोक्यात शिरलं नसतं. मी नको म्हणालो. नातीनं तोंड पाडलं, म्हणून हो म्हणालो.

हरीला कळलं तेव्हा तो ओट्यावरून उठलाच. मे महिन्यात? उघड्यावर? लहान पोरांना घेऊन? त्यानं बेबीला खूळ लागलं असं ठरवलं आणि आम्हाला वाचवायला स्वतः यायचं ठरवलं. सकाळी गाडीच्या आधी तो दारात हजर. बरोबर मासळीचा थर्माकोलचा मोठा खोका. त्यात बर्फ, कोकमाच्या बाटल्या आणि ताडगोळे. खोका धुतलेला होता, पण वीस वर्षं ज्यात पापलेट राहिलं त्याचा वास धुवून जात नाही. गाडीवाल्यानं मनोरपर्यंत काचा खाली ठेवल्या.

पार्कच्या फाटकावर खोका अडवला. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, असा त्यांचा नियम. हरी म्हणाला, हे खायचं नाही, अंगाला लावायचं आहे. रखवालदाराला ती थाप वाटली. त्याच्या मानेवर घामोळं फुललं होतं, गणवेशाची कॉलर घासून लाल झालेलं. हरीनं एक ताडगोळा सोलला आणि न विचारता त्याच्या मानेवर फिरवला. रखवालदार डोळे मिटून उभाच राहिला. मागं रांग खोळंबली. मग तो हळूच म्हणाला, "काका, पाठीला पण लावा ना जरा." खोका आत गेला. दोन ताडगोळे फाटकावर राहिले.

आत हरीनं आमचा मुक्काम एका झाडाखाली टाकला आणि सकाळपासून चार वेळा हलवला. सावली सरकली की हा टाळ्या वाजवून उठवायचा. शेजारी मुंबईचा एक जाडजूड माणूस उघडाबंब होऊन उन्हात पसरला होता, अंगाला तेल लावून. हरी बराच वेळ अस्वस्थ होता. शेवटी त्यानं जाऊन त्याचा डोळा बघितला. तो माणूस धडपडून उठला आणि बायकोला हाका मारायला लागला. बेबीनं माफी मागून हरीला परत आणलं. हरी म्हणाला, तेल लावून उन्हात ठेवलाय, मग लोणचं तरी नीट घाला त्याचं.

खोट्या दर्याला भोंगा आहे. भोंगा वाजला की लाट येते. पोरं आधीच ओरडायला लागतात, मग लाट येते. मी बघत राहिलो. आमच्या दर्याला असा भोंगा असता तर आमच्या गल्लीतल्या दोघी-तिघी आज कुंकू लावून असत्या.

ते बघत कठड्याशी उभा राहिलो आणि सावलीचं भान राहिलं नाही. डोळ्यापुढं पिवळं झालं. खाली बसलो ते कळलं, पुढचं नाही. डोळे उघडले तेव्हा हरी माझ्या डोळ्याखालची कातडी ओढून बघत होता आणि त्याचा स्वतःचा चेहरा चुन्यासारखा होता. पाण्यात घाला यांना, पाण्यात घाला, एवढंच म्हणत होता. मला धरून काठाशी नेला. तिथल्या शिट्टीवाल्यानं शिट्टी मारली. सुती कपड्यानं पाण्यात उतरायचं नाही, नायलॉनचेच पाहिजेत. बेबी म्हणाली, भाड्यानं मिळतात. हरी म्हणाला, दुसऱ्याच्या घामाची चड्डी माझ्या भावजींना? आणि छत्री टाकून दुकानाकडे पळाला. सत्तरीचा माणूस, उन्हातून, डोक्यावर पंचा नसलेला.

कपडे घेऊन आला. मला आत ढकलला, मी बदलले. बाहेर आलो तर नातवंडं हसून लोळायला लागली. गुडघ्यापर्यंत चड्डी, तिच्यावर हिरवे पोपट. बनियनवर अननस. मलाही थोडं हसू आलं. बेबी हसता हसता बोलून गेली, "बाबा, वर्षानं तुमच्या अंगावर नवं कापड चढलं."

कापड आणलं होतं हरीनं.

हरी माझ्याकडे बघत होता. मग तो खाली बसला. तापलेल्या फरशीवर, भर उन्हात. बेबी मुलांना घेऊन बाजूला गेली, पोर समजूतदार आहे.

"भावजी, काढा ते," हरी म्हणाला.

मी म्हणालो, आता काय काढू, भिजायला चाललोय.

"माझ्या ध्यानातच नाय आलं. तुमचे डोळे बघितले नि पळालो मी." त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले. "झालं. बायचं शेवटचं पण करून बसलो. आता कोण म्हणून येऊ मी त्या घरात?"

एवढं बोलला आणि रडला. बाय गेली तेव्हा रडला नव्हता. बाजूनं भिजलेली माणसं हसत जात होती, त्यांना तोही भिजलेलाच वाटला असेल.

मला सांगायचं होतं की तुझा भात मी मापात धरून टाकतो. तू नसशील तर एका माणसाचा भात मला टाकता येणार नाही. पण हे असलं माझ्या तोंडातून निघत नाही. मी खाली पोपटांकडे बघत राहिलो. मग म्हणालो, "टोपी कुठाय?"

"कसली टोपी?"

"दुखवट्याची. टोपीबिगर दुखवटा होतो काय? ही चड्डी म्हणजे पोरांचा खेळ हाय. टोपी राहिली तुझी."

त्यानं पंचा शोधला, मिळाला नाही, हातानंच तोंड पुसलं. हरीला खोटं लगेच सुचत नाही, ही त्याची मोठी अडचण आहे. म्हणाला, "दुकानात होत्या टोप्या. पुढं चोच असलेल्या."

"त्या चालत नाय. पांढरीच पायजे."

त्यानं माझ्या डोक्याकडे बघितलं. मग म्हणाला, "पांढरी चांगली मिळत नाय हल्ली."

"मग घाई नको करू," मी म्हणालो. "बघ सावकाश."

त्यानं मान हलवली. उठला, मला दंडाला धरलं आणि पाण्याच्या पायरीवर बसवलं. स्वतः बाहेर उभा राहून ओंजळीनं माझ्या डोक्यावर पाणी घालत राहिला. शिट्टीवाला बघत होता, पण त्यानं शिट्टी मारली नाही.

बायचं वर्ष होऊन आता चार-पाच महिने झाले. यमुना अजून बोलते, बोलू दे. महिन्यातून एकदा मी आणि हरी बोईसरला टोपी बघायला जातो. स्टेशनजवळ एक कापडवाला आहे. तो डझनभर टोप्या काढून ठेवतो. हरी एकेक माझ्या डोक्यावर चढवून बघतो. ही घट्ट होते. हिच्यात घाम मुरेल. हिचं कापड पहिल्या धुण्यात जाईल. मी म्हणतो, बरोबर आहे. कापडवाला वैतागून विचारतो, काका, डोक्याचं माप तरी सांगा. हरी म्हणतो, ते अजून ठरायचं आहे.

मग आम्ही घरी येतो. हरी आत जाऊन ताटं घेतो. मी भात वाढतो. परवा म्हणाला, मीठ कमी आहे.