आमच्या वायफायवर कोण बसलंय?

रविवारी दुपारी बायको म्हणाली, "अहो, नेट फारच रेंगाळतंय. कंपनीला फोन करा." तेवढं केलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण मी पडलो विमा कार्यालयातला कारकून. दावा आला की आधी संशय घ्यायचा, हे अंगवळणी पडलेलं. म्हटलं, कुणीतरी आपलं वायफाय चोरतंय!

बायको घरांचे नकाशे काढते. एक मोठा नकाशा संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकाला पोचला नाही तर काम हातचं जाणार होतं, आणि तो अर्ध्यावर अडकून बसला होता. मी ऑफिसातल्या कम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "नेटवर्क स्कॅनर टाका. वायफायवर कोण कोण बसलंय ते सगळं दिसेल. विंडोज, मॅक, लिनक्स, कशावरही चालतो."

आमच्या घरात ही तिन्ही दैवतं नांदतात. विंडोज माझं, मॅक बायकोचं, लिनक्स मुलीचं.

सुरुवात माझ्यापासून. 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत सुसाट निघालो होतो, तेवढ्यात विचारणा झाली, सोबत एक ड्रायव्हर टाकू का? मी ठणकावून 'नो' दाबलं. (आमच्याकडे गाडीच नाही. ड्रायव्हर कशाला पोसायचा?) परिणामी स्कॅनरला घरात कुणीच दिसेना. मीसुद्धा नाही. (याची मला सवय आहे.)

मग मोर्चा मॅककडे. मॅक म्हणालं, हा प्रोग्राम बनवणारा कोण, कुठला, आम्हाला ठाऊक नाही, उघडणार नाही. (सासऱ्यांनी पहिल्या भेटीत साधारण हेच ऐकवलं होतं.) सेटिंगमधून 'तरीही उघडा' शोधून काढलं, तर पासवर्ड मागितला.

"पासवर्ड काय गं?"

"विसरले," स्वयंपाकघरातून उत्तर.

"असं कसं विसरलीस? रोज तर टाकतेस!"

"अहो, विसरले!"

"जरा आठवून बघ ना."

बायको हात पुसत बाहेर आली. "'विसरले' हाच पासवर्ड आहे. कुणी विचारलं तर खोटं बोलावं लागत नाही."

पासवर्ड चालला. मॅकनं विचारलं, रीस्टार्ट करू? मी म्हटलं, कर बाबा. त्यासरशी बायकोचा अर्धा गेलेला नकाशा पुन्हा शून्यावर आला. तिनं मॅक छातीशी धरलं आणि मला म्हणाली, "याला आता बोटही लावायचं नाही." आवाज चढला नव्हता. म्हणून जास्त भीती वाटली.

उरलं लिनक्स. मुलगी मैत्रिणीकडे गेली होती. तिला फोन केला.

"बाबा, ती काळी खिडकी उघडा आणि मी सांगते ते टाइप करा."

"केलं. पासवर्ड मागतोय, तू सांगितलेला टाकतोय, पण काही उमटतच नाही. तुझा कीबोर्ड गेला."

"उमटत नसतंच बाबा! टाकून एंटर मारा."

(तोवर मी तोच पासवर्ड एकामागून एक बऱ्याचदा टाकला होता.) अखेर अक्षरं झरझर धावली आणि वायफायवरची मंडळी पडद्यावर हजर झाली. टीव्ही आपला, प्रिंटर आपला, फोन बायकोचा... आणि एक यंत्र असं, की ज्याला नाव ना गाव. नुसते आकडे. सापडला!

आमचं वायफाय पोचेल असं एकच घर, वरच्या मजल्यावरचं. तिथे एक निवृत्त मुख्याध्यापक एकटे राहतात. तडक वर गेलो.

"सर, स्पष्टच बोलतो. आमची एक गोष्ट तुम्ही न विचारता वापरताय."

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. "कळलं तुम्हाला?"

"पुरावा आहे."

"रोज नाही हो. सकाळी, तुम्ही उठायच्या आत."

"पण पासवर्ड कुठून मिळाला?"

"पासवर्ड कशाला? कडीला तर अडकवलेला असतो! वाचून झाला की घडी घालून परत ठेवतो..."

सर आमचं वर्तमानपत्र नेत होते. वायफाय म्हणजे काय, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. मग मीच त्यांची समजूत काढली, पेपर रोज न्या म्हणून आग्रह केला आणि माफी मागत मागत जिना उतरलो.

तरी चोर होताच. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरून ते आकडेवालं यंत्र ब्लॉक केलं आणि काय सांगू, नेट धावायलाच लागलं! बायकोचा नकाशा वेळेत पोचला. तिनं माझ्याकडे इतक्या कौतुकानं पाहिलं, की मी चक्क लाजलो.

मुलगी घरी आली तेव्हा मी सोफ्यावर विजयी मुद्रेनं पहुडलो होतो.

"बाबा, तुमच्या फोनला नेट का नाही?" तिनं फोन घेतला, ते आकडे पडताळले. "अहो, तो चोर म्हणजे तुमचाच फोन आहे! केव्हापासून एक भलामोठा व्हिडिओ आपोआप नेटवर चढवत बसला होता."

फोन खिशात असताना कधीतरी बटण दाबलं गेलं होतं. चित्रात नुसता पँटीच्या खिशातला काळोख. आवाज मात्र लख्ख. ऑफिसच्या कँटीनमध्ये मी सांगत होतो, "आमच्याकडे बायकोला माझा धाक आहे. मला विचारल्याशिवाय घरात पान हलत नाही!"

त्यावर अख्खं कँटीन खदाखदा हसलं. (तिथे असताना मला ते ऐकू आलं नव्हतं.)

बायकोनं ते हसणं पुन्हा एकदा लावून ऐकलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"माणसं चांगली दिसतात तुमच्या ऑफिसातली. एकदा जेवायला बोलवा."

"कधी बोलवू?" मी विचारलं.