पहिल्या पानावरचे चावीवाले

"महिनाअखेर आपलं दुकान पहिल्या पानावर दिसणार! नाही दिसलं तर मी स्वतः तुमच्या गोदामात येऊन बादल्या मोजीन!" नानांनी जेवणाच्या टेबलाशी, तोंडात घास असतानाच मेहुण्यांसमोर जाहीर करून टाकलं.

नाना म्हणजे कोपऱ्यावरचे चावीवाले. कसलंही अडेलतट्टू कुलूप त्यांच्या हाती दिलं की मुकाट्याने उघडायचं. पण अलीकडे कुलपं अडत होती आणि लोक मात्र नानांकडे येत नव्हते. दाराबाहेर अडकलेला माणूस आता फोन काढतो, त्यात 'चावीवाला' असं टाकतो आणि जो पहिला दिसेल त्याला बोलावतो. नाना दिसायचे नवव्या पानावर! भाजी गॅसवर ठेवून बाहेर अडकलेला माणूस नववं पान उघडायला जातोय कशाला?

त्यावर मेहुण्यांनी, म्हणजे नानांच्या बायकोच्या थोरल्या भावाने, तोडगा काढला होता. दुकान बंद करायचं आणि नानांनी त्यांच्या प्लास्टिकच्या बादल्यांच्या गोदामात देखरेखीला बसायचं. नानांचं बादल्यांशी वैर नव्हतं. पण बादलीला कुलूप नसतं, आणि ज्या वस्तूला कुलूपच नाही तिच्या शेजारी उरलेला जन्म काढायचा, हे काही त्यांना मान्य नव्हतं.

मेहुणी एका कंपनीच्या वेबसाइटचं काम बघायची. तिने नानांना दुकानाची छोटीशी वेबसाइट करून दिली होती आणि समजावलंही होतं. "भावोजी, दुसऱ्यांच्या वेबसाइटवरून तुमच्याकडे यायची वाट म्हणजे लिंक. चांगल्या ठिकाणांहून अशा लिंका आल्या की गुगलला वाटतं, हा माणूस भरवशाचा दिसतो. मग ते तुम्हाला वर आणतं."

"एवढंच ना? लावून टाकतो लिंका!"

"तुम्ही नाही लावायच्या! कुलूप का अडतं, चावी आत मोडली तर काय करू नये, असं काहीतरी कामाचं लिहा. लोकांना पटलं की ते आपणहून लिंक देतात. हळूहळू."

'हळूहळू' या शब्दापाशी नानांचे कान मिटले. महिनाअखेर काही हळूहळू येणार नव्हती. शिवाय नाना पडले चावीवाले! दिसेल त्या शटरवर, खांबावर, जिन्याच्या भिंतीवर आपल्या नंबराचं स्टिकर चिकटवायचं आणि दुसऱ्याच्या स्टिकरवर आपलं चिकटवलं तर आणखी पुण्य, हा त्यांच्या धंद्यातला जुना रिवाज. इंटरनेट म्हणजे न संपणारी भिंत, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

त्यांनी बराच विचार करून एक मजकूर तयार केला: 'फारच उपयुक्त माहिती! असेच लिहीत राहा. अडलेल्या कुलपासाठी अवश्य या.' खाली दुकानाची लिंक. मग जिथे 'प्रतिक्रिया लिहा' असा चौकोन दिसेल तिथे हा मजकूर चिकटवायचा सपाटा लावला. गुडघेदुखीवरचा लेख, पोहण्याच्या तलावाचं वेळापत्रक, बाळाला दात येताना घ्यायची काळजी, नानांनी काही म्हणून सोडलं नाही.

"अहो, एवढं काय वाचताय?" बायकोने विचारलं.

"वाचत नाहीये, लिहितोय!" नाना खरं तेच बोलले. त्यांनी एकही ओळ वाचली नव्हती.

आणि एके सकाळी फोन वाजला. बाईंचा आवाज होता. "माझ्या वडिलांबद्दल तुम्ही लिहिलंत का?"

लागली की लिंक! नाना हरखले. "हो हो, मीच! वडील आहेत कुठं?"

"ते गेले."

"चावी घेऊन गेले का?"

"अहो, वारले ते! आणि त्यांच्या श्रद्धांजलीखाली तुम्ही लिहिलंय, फारच उपयुक्त माहिती, असेच लिहीत राहा! लाज नाही वाटत?"

नानांच्या हातातली कानस खाली पडली. त्यांनी क्षमा मागायला तोंड उघडलं, तोवर फोन बंद झाला होता. लगेच दुसरा वाजला.

"पोलीस ठाण्यातून बोलतोय. त्या घरफोडीच्या बातमीखाली 'फारच उपयुक्त माहिती' असं लिहिणारे तुम्हीच का?"

"कुठली घरफोडी, साहेब?"

"चोरांनी कुलूप कसं उघडलं ते सविस्तर दिलंय बघा, तीच. धंदा काय तुमचा?"

"कुलपं उघडतो," नाना म्हणाले.

"आहात तिथेच थांबा!"

हवालदार येऊन, सगळी अवजारं उलटीपालटी करून, शेवटी स्वतःच्या कपाटाची चावी फुकट घासून घेऊन गेले. नाना मात्र पुरते गोंधळले. आपण तर जो भेटेल त्याचं कौतुक केलं. मग सगळे एवढे चिडले का?

संध्याकाळी मेहुणीने फोनवर शोधलं. पहिलं पान बघितलं, नववं बघितलं, त्याच्याही पुढे गेली. नाना कुठेच नव्हते!

"भावोजी, हा स्पॅम झाला! दिसेल तिथे स्वतःची लिंक चिकटवली की गुगलला बरोबर वास लागतो. हाकलून दिलं तुम्हाला!"

"नवव्या पानावरूनसुद्धा?" नानांचा आवाज रडवेला झाला. "अगं, मी फक्त स्टिकर लावल्यासारखं केलं गं!"

"आता जिथे जिथे लिहिलंय, तिथे माफी मागा. काढून टाका म्हणून विनंती करा. आणि परत काही चिकटवू नका!"

नाना इमानेइतबारे बसले. गुडघेदुखी, तलाव, बाळाचे दात, श्रद्धांजली, एकेका ठिकाणी जाऊन त्यांनी लिहिलं: 'आमच्याकडून चूक झाली. कृपया माफ करा.' पण माफी मागणारा कोण, हे समोरच्याला कळायला नको? म्हणून प्रत्येक माफीखाली त्यांनी दुकानाची लिंक दिली.

आधी लोक नुसते वैतागले होते. आता पेटले! श्रद्धांजलीवाल्या बाईंनी मोठा लेखच लिहिला: 'या चावीवाल्यापासून सावध राहा!' गुडघ्याच्या डॉक्टरांनी लिहिलं, तलाववाल्यांनी लिहिलं, एका वर्तमानपत्राने आपल्या वेबसाइटवर चौकट छापली. आणि लोकांना माणूस नीट ओळखता यावा म्हणून प्रत्येकाने नानांच्या दुकानाची लिंक दिली.

महिनाअखेर मेहुणे सकाळीच दुकानात येऊन बसले. "चला नाना, शटर ओढा. बादल्या वाट बघताहेत."

नानांनी एकवार भिंतीवरच्या चाव्यांकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. बायकोने मात्र शटरचा दांडा पाठीमागे धरून ठेवला होता.

"थांबा!" मेहुणी फोनमध्ये बघून ओरडली. "भावोजी, तुम्ही पहिल्या पानावर आहात! सगळ्यांत वर!"

"मी? मी काहीच केलं नाही गं!"

"म्हणूनच! एवढ्या सगळ्यांनी तुमच्याबद्दल न मागता, मनापासून लिहिलंय. एकूण एक लिंक खरी!"

"काय लिहिलंय ते वाच की!" मेहुणे खवळले. "निर्लज्ज! काळवेळ न कळणारा! याला पहिलं पान म्हणतात?"

आनंद मानावा की तोंड लपवावं, नानांना कळेना. मेहुणे शटरच्या दांड्याकडे वळले, एवढ्यात फोन वाजला.

"तुम्हीच का ते, माफी मागत फिरणारे?" एक गृहस्थ होते.

"हो," नानांनी मान खाली घालून कबूल केलं.

"मी दाराबाहेर अडकलोय. तुमच्याबद्दलचं सगळं वाचलं. लोकांनी नाही नाही ते लिहिलंय हो! पण तुम्हाला कुलूप उघडता येत नाही, असं एकानेही लिहिलेलं नाही. येताय का?"

"आलोच!" नानांनी पिशवी उचलली. घाईत मेहुण्यांच्या पायावर पायही पडला.

"आणि एक विनंती होती."

"बोला ना, साहेब!"

"कुलूप उघडलं की सरळ घरी जा. कुठे काही लिहू नका!"