ग्रंथीची संमती

प्रोस्टेटची शस्त्रक्रिया करायची असेल तर आमच्या जिल्ह्यात आधी ग्रंथीची संमती घ्यावी लागते. त्यामुळे एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक भाऊराव उगले मंगळवारी सकाळी दवाखान्यातल्या सुनावणीच्या खोलीत येऊन बसले. नोंदी घेणाऱ्या पठाणबाईंनी माइक त्यांच्या ओटीपोटाजवळ सरकवला.

डॉ. वट्टमवारांनी दोन्ही पद्धती समजावल्या. जुन्या पद्धतीत दुर्बीण घालून वाढलेला भाग खरवडून काढतात. रक्त जरा जास्त जातं, लघवीची नळी दोन-तीन दिवस ठेवावी लागते, पण निघालेले तुकडे तपासायला पाठवता येतात. दुसरीत लेझरने त्या भागाची वाफ करतात. रक्त कमी जातं, नळी बहुधा दुसऱ्या दिवशीच निघते. मात्र तपासायला काही उरत नाही.

"आधीच्या तपासण्यांत वावगं काही नाही," डॉक्टर म्हणाले. "शिवाय यांना हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. माझं मत लेझरला."

"मला तुकडे बरे वाटतात," ग्रंथी म्हणाली. तिचा आवाज बसका होता. "कुणीतरी काचेखाली धरून बघेल तरी. वाफ झाली की संपलंच."

"आणि माझं रक्त थांबलं नाही तर?" भाऊरावांनी विचारलं.

"तेही आहेच," ग्रंथी म्हणाली.

"आणखी काही म्हणणं?" पठाणबाईंनी विचारलं.

"आहे, लिहून घ्या. सिंधूबाईंना, म्हणजे यांच्या मंडळींना, समुद्र बघायचा होता. गणपतीपुळ्याची गाडी यांच्याच स्टँडवरून सुटायची. सहा वर्षं हे म्हणत राहिले, पुढच्या साली बघू. दर अर्ध्या तासाला लघवीसाठी गाडी थांबवावी लागेल, याची यांना लाज वाटायची. बाईंना ते माहीत नव्हतं. त्या समजल्या, यांना आपल्यासोबत जायचंच नाही. कारण मी होते."

भाऊरावांनी माइक आपल्याकडे ओढला.

"मी सांगणार होतो तिला," ते म्हणाले. "दिवाळीनंतर डॉक्टरला दाखवू आणि मगच सांगू, असं ठरवलं होतं."

"बाई दसऱ्यालाच गेल्या," ग्रंथीने सांगितलं. पठाणबाईंनी तेही लिहून घेतलं.

"निवेदनाची एक प्रत पत्नीला द्यायची असते, काका," त्या म्हणाल्या. "आता ती फायलीतच लावावी लागेल."

"लावायच्या आधी एकदा वाचता का?"

पठाणबाईंनी सावकाश सगळं वाचलं. भाऊरावांनी मान खाली घालून ऐकलं. 'कारण मी होते' हे वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "तिथं माझंही नाव घाला."

पठाणबाईंनी घातलं.

"लेझरच करा," ग्रंथी म्हणाली. "यांचं रक्त जायला नको."

तिच्या वतीने सही भाऊरावांनीच केली. तसा नियम आहे.

शुक्रवारी शस्त्रक्रिया नीट पार पडली. दुसऱ्या दिवशी नळी निघाली आणि ते घरी आले. आठवड्याभराने दुपारी जेवून ते आडवे झाले, ते एकदाही न उठता थेट पाच वाजता जागे झाले.

"चार तास झोपलो," ते पोटाकडे बघून म्हणाले.

उरलेली ग्रंथी बोलत नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तरी भाऊराव थोडा वेळ थांबले. मग उठून त्यांनी चहा ठेवला.